मागे राहिलेल्याची माणसं

रणभूमी म्हटलं की डोळ्यांपुढे घोडे, धूळ, तलवारी असं काहीबाही येतं. प्रत्यक्षात तिथे आधी गाड्या लावायची जागा होती, मग तिकिटाची खिडकी, मग स्वच्छतागृह, आणि त्याच्या पुढे बारीक खडीचा रस्ता. ती खडी पाहूनच आप्पांची लेक थबकली. ज्याने कुणी हा रस्ता केला त्याने जन्मात चाकाची खुर्ची ढकललेली नसणार. पुढची चाकं खडीत रुतली की खुर्ची गाढवासारखी हटून बसायची. मग तिला मागे कलवायचं, पुढची चाकं उचलायची आणि पोटाचा जोर लावून रेटायचं. खुर्चीत आप्पा ताठ बसले होते. डोक्यावर टोपी, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. इस्त्री अर्थात लेकीची.

"डावीकडे घे," आप्पा म्हणाले. "पूल डावीकडे असणार."

"आप्पा, बाण उजवीकडे दाखवतोय."

"बाण लावणारा काय लढाईला होता?"

तुम्ही तरी कुठे होतात, हे अगदी तिच्या ओठांवर आलं. पण ओठांवर आलेलं गिळून टाकायची तिला इतकी सवय झाली होती, की एखाद्या दिवशी नुसतं तेवढ्यानेच पोट भरायचं.

आप्पा म्हणजे शाळेतले कवायतीचे मास्तर. निवृत्त होऊन जमाना झाला, गुडघे गेले, कान गेले, आवाज मात्र मैदानावरचाच राहिला. पाणी मागितलं तरी शेजारची माणसं सावधान व्हायची. लेक पन्नाशी उलटलेली, हॉस्पिटलच्या लाँड्रीची प्रमुख. दिवसभर चादरी, गाऊन, ऑपरेशनची हिरवी कापडं यांच्या राशीत उभी राहायची आणि संध्याकाळी घरी येऊन आप्पांच्या चादरी धुवायची. लहानपणी ती सदान्‌कदा आप्पांचा शर्ट धरून त्यांच्या मागे मागे फिरायची, म्हणून घरात तिला 'शेपूट' म्हणत. केस पांढरे झाले तरी ते नाव काही गळून पडलं नव्हतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि आई अंथरुणाला खिळली तेव्हा 'काही दिवस' म्हणून ती माहेरी आली, ती आलीच. आई गेली. मग आप्पांचे गुडघे गेले. काही दिवस अजून संपायचे होते.

या माळावर यायचा हट्ट आप्पांचा. त्यांच्या घराण्याची एक गोष्ट होती आणि ती त्यांनी शाळेच्या प्रत्येक तुकडीला, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, एकदा तर गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही ऐकवली होती. फार जुनी लढाई. आपली फौज मोडली, ओढा ओलांडून जो तो पळत सुटला. पण आपला मूळपुरुष पळाला नाही. तो पुलावर एकटा मागे राहिला. बाकीचे पार होईपर्यंत त्याने शत्रूला रोखून धरलं आणि तिथेच देह ठेवला. घराण्यात बापाकडून लेकाकडे एकच वाक्य चालत आलेलं होतं: आपण मागे राहिलेल्याची माणसं. आप्पांना नावही त्या मूळपुरुषाचंच ठेवलं होतं. लहानपणी गृहपाठ टाळला, अंधाराला घाबरलं, इंजेक्शनला रडलं, की आप्पा तेच म्हणायचे, "मूळपुरुष मागे राहिला आणि तुम्ही पळता?"

त्या वाक्यापायीच लेकीचा थोरला भाऊ फौजेत गेला. तिथे तो कोठारात होता, बूट आणि कांबळी मोजायचा, पण घरात त्याची कीर्ती अशी की सीमा एकट्याने सांभाळली. आता निवृत्त होऊन तो मुलांपाशी परदेशी राहत होता. रविवारी त्याचा फोन आला की आप्पा दाढी करून, चांगला शर्ट घालून बसायचे. "दादा खरा आपल्या रक्ताचा," म्हणायचे. आणि लेकीकडे वळून, अगदी सहज, कसलाही राग न ठेवता म्हणायचे, "तुझं काय बाई, तू घरातच असतेस."

हे वाक्य तिला लागायचं. दर वेळी लागायचं. रोजच्याच दारात रोज त्याच बोटाला ठेच लागावी, तसं.

त्या दादानेच महिन्याभरापूर्वी कुठूनतरी एक फोटो शोधून पाठवला होता. माळाशेजारच्या जुन्या चर्चमध्ये भिंतीत बसवलेला एक दगड, त्यावर त्यांचं आडनाव आणि खाली 'या माळावर पडले' एवढं वाचता येत होतं. त्याखाली काय होतं ते एका बाकाच्या पाठीआड गेलं होतं. आप्पांनी तो फोटो पाहिला आणि जेवणखाण सुचेना. "माझ्या नावाचा माणूस आहे तिथे. डोळे मिटायच्या आत मला तो बघायचाय."

लेक तयार झाली, पण तिच्या मनात दुसरंच होतं. दूरच्या शहरात एक नवं हॉस्पिटल उघडत होतं, तिथली सगळी लाँड्री तिच्या हाती द्यायला तयार होते. राहायला एक खोली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणजे आप्पांना नेणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर, शक्य असतं तरी तिला न्यायचं नव्हतं. तिला एक दार हवं होतं ज्याची किल्ली तिच्या एकटीकडे असेल. आप्पांसाठी तिने वृद्धांचं एक निवासस्थानही पाहून ठेवलं होतं. स्वच्छ होतं, नर्स होती, खिडकीपाशी खाट होती. सोमवारी दोन्हीकडे उत्तर द्यायचं होतं. आप्पांना यातलं काहीच माहीत नव्हतं. प्रवासात सांगू, असं ठरवून ती निघाली होती. गाडीत सांगायचं तर आप्पा झोपले होते. आणि जागे होते तेव्हा ते लढाई सांगत होते.

बाण उजवीकडे दाखवत होता तिथेच पूल निघाला. पूल कसला, दोन ढांगांचा दगडी साकव, खाली ओढ्यात पाण्याऐवजी गवत. पलीकडे एक तोफ, तिच्यावर सहलीची पोरं चढलेली. एका फलकावर नकाशा होता. लाल बाण इकडून, निळे बाण तिकडून.

"हा पूल?" आप्पा म्हणाले.

"हाच, असं लिहिलंय."

"यावर एक माणूस रोखून धरील की सहज. अरुंद आहे. अरुंदच पाहिजे." त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि मान हलवली. पण आवाज थोडा उतरला होता.

पुढे उंच चौथऱ्यावर पडलेल्यांची नावं कोरलेला स्तंभ होता. लेकीने खुर्ची त्याच्याभोवती हळूहळू फिरवली. आप्पा बोट पुढे करून एकेक नाव वाचत होते, मैदानावर हजेरी घेतल्यासारखे. त्यांचं आडनाव दोनदा आलं. दोन वेगळी नावं. आप्पांचं नाव नव्हतं.

"परत फिरव."

तिने परत फिरवलं. नाव नव्हतं.

"कोरणाऱ्याने खाल्लं," आप्पा म्हणाले. "कामचुकार लेकाचे. ज्याने सगळ्यांना वाचवलं त्याचंच नाव खाल्लं. लाव, दादाला फोन लाव."

दादाने फोन उचलला. त्याच्यामागे कुकर की मिक्सर, काहीतरी घरघरत होतं. "नाही का? बघा ना नीट. चर्चमध्ये असेल. मला फोटो पाठवा हं. शेपूट, आप्पांना ऊन लागू देऊ नको." फोन बंद. ऊन लागू देऊ नको! ती खुर्चीमागे उन्हात उभी होती आणि तिच्या डोक्यावर साधा रुमालही नव्हता, कारण तो आप्पांच्या मानेभोवती होता.

त्यांनी एका बाकापाशी थांबून चहा घेतला. आता सांगावं, असं तिला वाटलं. वाक्य तिने इस्त्री करता करता कितीदा तरी घोटून ठेवलं होतं. "आप्पा, मला एक बोलायचंय."

"बोल."

"मला तिकडे... एका ठिकाणी बोलावलंय. कामाला."

"हं. चहा पांचट आहे," आप्पा म्हणाले. त्यांनी कप तिच्या हातात दिला आणि नजर त्या पुलाकडे लावली. ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, देव जाणे. पुन्हा तेच वाक्य उचलायची ताकद तिच्यात नव्हती. थकवा हा असा असतो. डोंगर चढताना येत नाही, तेच पाऊल दुसऱ्यांदा टाकायचं म्हटलं की येतो.

चर्च माळाच्या टोकाला होतं. बसकं, दगडी, एका बाजूला कललेलं. दाराशी पायरी होती, त्यामुळे खुर्ची उलटी करून ओढत आत घ्यावी लागली. आत गारवा आणि मेणाचा वास. झाडलोट करणारी बाई पायातली चप्पल काढून बाकावर आडवी झाली होती, ती धडपडत उठली. गोल, ठेंगणी, बोलकी बाई. आप्पांनी तिला नमस्कारही न करता गोष्ट सांगायला सुरुवात केली. फौज मोडली, पूल, मूळपुरुष मागे राहिला, तिथेच पडला. बाई 'हो का', 'अगं बाई' करत ऐकत होती.

"लग्न झालं होतं का त्यांचं?" तिने विचारलं.

"लग्न कसलं? मिसरूड फुटलेला पोरगा होता."

"मग तुम्ही कुठून आलात?"

आप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या वर्षांत, इतक्या तुकड्यांतल्या एकाही पोराने हे विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उन्हात उभा राहिला असता, ही गोष्ट वेगळी. लेकीला हसू आलं आणि तिने ते खोकल्यात दडवलं. बाईला आपण काही वावगं बोललो का ते कळेना, ती चपला शोधू लागली.

"दगड कुठे आहे?" आप्पा म्हणाले.

दगड मागच्या भिंतीत होता, फोटोतल्यासारखाच, खालचा भाग बाकाच्या पाठीआड. लेकीने आणि त्या बाईने मिळून बाक ओढला. तो इतकी वर्षं हलला नसावा. जमिनीवर त्याच्या पायांचे पांढरे ठसे होते आणि मागे धुळीची जाड गादी. लेकीने आप्पांच्या मानेभोवतीचा रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि गुडघ्यांवर बसून दगड पुसायला लागली. डाग, मग तो कापडावरचा असो की दगडावरचा, तिला समोर बघवत नसे. अक्षरं हळूहळू वर आली.

"वाच," आप्पा म्हणाले. "मोठ्याने."

वर दोन भावांची नावं होती, स्तंभावर होती तीच. 'हे दोघे या माळावर पडले.' मग थोडी जागा सोडून, लहान अक्षरांत, आणखी तीन ओळी. त्या तिने आधी मनात वाचल्या.

"वाच ना!"

"'यांच्या मागे राहिलेला, आईपाशी ठेवलेला, यांचा भाऊ...'" आणि मग तिने आप्पांचं नाव वाचलं. पूर्ण नाव, आडनावासकट. "'...याने हा दगड बसविला.'"

झाडणारी बाई हळूच म्हणाली, "पेपरात येतं ना, त्यांच्या मागे आई, एक भाऊ असा परिवार आहे. तसं मागे राहिलेला." आणि मग आपण बोलायला नको होतं असं वाटून केरसुणी घेऊन बाहेर गेली.

आप्पा दगडाकडे पाहत होते. त्यांची ताठ मान जरा पुढे आली होती. "म्हणजे तो आलाच नाही लढाईला."

"नाही."

"घरी बसला."

"आप्पा..."

"दोघे भाऊ मेले आणि हा घरी बसला. आईच्या पदराखाली. आणि आम्ही साऱ्या जगाला सांगत सुटलो!" त्यांचा आवाज चढला आणि वरच्या लाकडी छताला जाऊन आपटला. "घरकोंबड्याची औलाद आपण. घरातच बसलेल्याची!"

आणि मग लेकीने जे काही एवढी वर्षं गिळून ठेवलेलं होतं, ते एकदम वर आलं. ती अजून गुडघ्यांवरच होती, हातात काळा झालेला रुमाल.

"बसलेला? बसला होता तो? दोन पोरं गेलेली आई सांभाळायची म्हणजे बसणं असतं का आप्पा? तिला कोण उठवत होतं, कोण जेवू घालत होतं? ती रात्री दोघांची नावं घेऊन हाका मारायची तेव्हा 'ओ' कोण देत होतं? हा कधीतरी झोपला असेल का धड? आणि वाचा ना नीट काय लिहिलंय. राहिलेला एवढंच नाही लिहिलं त्याने. 'ठेवलेला' लिहिलंय. ठेवलं त्याला! कुणी विचारलं होतं का, तुला जायचंय का म्हणून? तरी त्याने सगळं केलं. आई पार पाडली, भावांचा दगड बसवला, संसार केला, म्हणून तुम्ही आहात, मी आहे, दादा आहे. आणि त्याचं नाव कुठे? सगळ्यांत खाली. बाकाच्या मागे. पोरंबाळं सांगतात, शूर होता, कारण मेला. जगला ते कुणाला सांगायचंच नाही!"

ती थांबली. तिला धाप लागली होती. आयुष्यात आप्पांशी ती इतक्या चढ्या आवाजात कधी बोलली नव्हती, आणि आता त्यांच्याकडे बघायचं धैर्यही होत नव्हतं. म्हणून ती दगडच पुसत राहिली. सगळ्यांत खालचं नाव पुन्हा पुन्हा पुसलं. ते आता इतकं स्वच्छ झालं होतं की त्यात पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग आप्पांनी पाणी मागितलं. हळू आवाजात. तिने बाटली दिली, त्यांनी घोट घेतला आणि बाटली परत देताना तिचा हात तसाच धरून ठेवला.

"तुझी आई हाका मारायची," ते म्हणाले. "रात्रीच्या. मला वाटायचं मला ऐकू येत नाही ते बरंय."

तिने दुसऱ्या हाताने त्यांची टोपी सरळ केली.

"चल. बाहेर ने."

बाहेर ऊन कललं होतं. पायरीवरून खुर्ची उतरवली आणि समोर पुन्हा ती खडी. चर्चपासून फाटकापर्यंत लांबच्या लांब पसरलेली. लेकीने दांडे धरले, कंबर सावरली आणि एक सुस्कारा सोडला. मोठ्याने नव्हता. पण आप्पांनी हात वर केला, कवायतीत 'थांब' म्हणून करायचे तसा.

"ती खिडकीपाशीची खाट," ते म्हणाले. "ती पूर्वेला आहे की पश्चिमेला?"

तिने दांडे सोडले. "आप्पा, तुम्हाला..."

"बहिऱ्या माणसाला नको ते बरोबर ऐकू येतं. स्वयंपाकघरात फोनवर बोलत होतीस. 'आप्पांना कसं सांगू' म्हणत होतीस. मला वाटलं, सांगेल तेव्हा बघून घेऊ. असा आवाज लावीन की पुन्हा नाव काढणार नाही." ते थोडं थांबले. "चहाच्या वेळीही ऐकलं होतं मी. चहा बरा होता."

"मी नाही जात," ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रडण्याचा रागही येत होता. "मी कळवून टाकते तसं. तुम्हाला एकट्याला टाकून..."

"विचारलं का मी तुला, जातेस का राहतेस? हुकूम देतोय." पण हुकमाचा आवाज लागेना. "पूर्वेला आहे का?"

"पूर्वेला. सकाळी ऊन येतं."

"मग ठीक आहे. सकाळी ऊन पाहिजे." त्यांनी खाली वाकून, दोन-तीनदा चाचपडून, खुर्चीचा ब्रेक लावला. हा ब्रेक नेहमी तीच लावायची. त्यांना तो सापडतो हेही तिला ठाऊक नव्हतं. "या खडीतून मला रेटू नकोस. फाटकापर्यंत तू पुढे हो, गाडी इकडे घेऊन ये. जा. मी राहतो मागे."

"दादा विचारेल," ती म्हणाली. दुसरं काही सुचेना म्हणून. "फोटो पाठवा म्हणाला होता. काय सांगू?"

"सांग, आप्पा मागे राहिले." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणावं, आपल्याकडे कुणीतरी राहावंच लागतं. एवढे दिवस शेपूट राहिली, आता माझी पाळी."

ती दोन पावलं चालली आणि थांबली. हात मोकळे होते. त्यांचं काय करायचं ते तिला कळेना. दांडे धरल्यासारखे ते पुढेच येत होते. आप्पांच्या पुढे ती कधी चालली होती, तिला आठवत नव्हतं. लहानपणी मागे होती, मोठेपणी खुर्चीच्या मागे होती. ती वळून बघणार, तेवढ्यात मागून आवाज आला. तोच, मैदानावरचा, शंभर पोरांना एका रेषेत आणणारा. फक्त शेवटी किंचित फाटला.

"समोर बघ, शेपटे! समोर!"

तिने समोर पाहिलं. खडी ओली दिसत होती, फाटक दिसत नव्हतं, तरी ती चालत राहिली.